कोरा कापूस

डुलुथच्या दवाखान्यात डोरीन नंबराची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं दबक्या आवाजात भांडत होतं.

“लेम्पी, डॉक्टरांपुढे रेझरचं नाव काढू नकोस.”

“का, आर्विड? लकव्याच्या हातात ब्लेड धरतोस हे कळलं, तर होडी चालवू देणार नाहीत म्हणून?”

“विजेचं मशीन कुणाचीही दाढी करतं गं. बाबांच्या रेझरला हाताची समज लागते.”

“पहिल्या दिवशी सात ठिकाणी कापलंस. खाटकाकडून आल्यासारखा दिसत होतास!”

“पण ब्रशनं फेस मीच काढला.”

“हो, निम्मा आरशाला फासलास.”

नर्स आली. “चला, मिस्टर लाहती. वा, काय गुळगुळीत दाढी! बायकोनं करून दिली वाटतं?”

डोरीननं मागे वळून पाहिलं. आर्विडनं मान खाली घातली होती.

“मी? अगं, सहा आठवडे मी नुसती बाथरूमच्या दाराशी कापूस घेऊन उभी असते. दाढी तो स्वतः करतो. त्याच उजव्या हातानं, त्याच्या बाबांच्या रेझरनं.”

“लेम्पी!”

“तू गप्प बस.” पर्स उघडल्याचा आवाज आला. “हा आजचा कापूस. डॉक्टरांना दाखव. कोरा आहे.”