टेकडीचा फर्मा

...आणि म्हणे, दस्तगीरभाई, सोमवारपर्यंत तारीख द्या! तुम्हाला सांगतो, मागायला काय लागतंय? नांदेडच्या कॉलेजातले साहेबराव सर, लई भला माणूस, पण तारीख कशाची, तर सप्तर्षींपाशी तारा फुटला तो सगळ्यात जास्त कधी चमकला त्याची, वर उजेड किती तेबी सांगा. दिली तर माझं नाव त्यांच्या यादीत, न्हाईतर महिन्याची मेहनत गेली. आता मी उदगीरचा घड्याळजी, दहावी नापास, पण माझ्याकडं नोंद हाय. भूकंपानंतर फळीवरची भांडी किती वेळा वाजली, तेबी वेळेसकट लिहिलंय. मग महिनाभर रात्रीची इशाची नमाज झाली की गच्चीवर दुर्बीण लावून, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ह्या ताऱ्याच्या उजेडाचा आकडा लिहिला, त्याची नोंद नसंल? हाय!

मधले तीन दिवस तेवढे कोरे. सर म्हणाले, घाबरू नका, ह्या जातीचे तारे एकाच चालीनं चढतात, एकाच चालीनं उतरतात. ती ठरलेली रेघ पाठवतो, तुमच्या ठिपक्यांवर बसवा, कोऱ्या जागेतला शेंडा आपोआप सापडंल. रेघ आली, बघतो तर टेकडी. आणि माझे ठिपके बघतो तर... विहीर! डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली, वर, खाली... टेकडी विहिरीवर बसती का कधी? आमची जाहिदा शिलाई करती, ती मशीन न थांबवता म्हणाली, "अजी, बाहीचा फर्मा पाठीला लावून राहिलाव काय?" मी म्हटलं, माझ्याकडं नोंद हाय, नोंद चुकत न्हाई.

आमची जिक्रा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला. रविवारी घरी आली, कागद बघितला आणि हसायलाच लागली.

"अब्बा, हे मार्क न्हाईत, रँक हाय. आकडा लहान तेवढा तारा भारी. बारा नंबरवाल्याला अकराच्या डोक्यावर बसवलंव तुम्ही!"

आता हे मला ठाऊक नव्हतं का? वीस वर्षं ठाऊक हाय! पण आलेखाचा कागद दिसला की हात मोठा आकडा वर लिहितो, काय करता? पोरीनं ठिपके नव्यानं मांडले, जाहिदानं टेकडीचा कागदी फर्मा कापून दिला, सरकवला... आणि काय सांगू, खांद्यावर बाही बसावी तसा बसला. शेंडा निघाला चोवीस एप्रिलचा, त्याच कोऱ्या दिवसांतला. सरांना फोन केला, त्यांनी नाव लिहून घेतलं. मायलेकींचे उपकार कुठं फेडू?

मग सरांनी सहज विचारलं, चोवीसला ढग होते का हो?

माझ्याकडं नोंद हाय. डायरी काढली, जिक्रालाच वाचायला दिली. तिनं वाचलं, "चोवीस एप्रिल. लातूर. आभाळ स्वच्छ. दिवसभर क्लासच्या रांगेत. जिक्राचा नंबर लागला, खुदाचा शुकर. बाकी विशेष काही नाही."