ग्रेनाडातल्या पत्र्यावरचे दगड

हे लिहून ठेवणारच नव्हतो. संताजी माझ्या बेळगावचा दोस्त, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा नावाच्या बेटावर हॉटेलात आचारी आहे. मी बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोत अडकलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. माझं बोलणं तेवढं लिहितोय. त्याचं त्यानं स्वतः सांगावं.

हॅलो? हॅलो… संताज्या! सकाळपासून लावतोय मर्दा, लागेना तुझा. कुठं आहेस?

…जायफळाच्या शेडमध्ये? अजून? तुझ्याकडं किती वाजले? सकाळचे आठ? म्हणजे आलंच की रे ते वादळ! बातम्यांत पांढरा भोवरा दाखवायलेत, त्याच्याखाली तुझं बेट दिसतच नाही. पुसून टाकल्यासारखं झालंय.

हसू नको.

हो, हो… माहीत आहे केवढासा देश आहे. लाखभर माणसं. आमच्या बनशंकरी एरियात मावतील सगळी, पार्किंगची तेवढी बोंब होईल. तूच सांगितलंस की सगळं. जहाजं येतात, पर्यटक उतरतात, त्यांच्यावर हॉटेलं चालतात. डॉक्टरकीचं कॉलेज आहे, तिथल्या पोरांवर घरमालक चालतात. खायचं निम्मंअधिक बाहेरून येतं. आणि जायफळ. झेंड्यावरसुद्धा जायफळ.

…हां, मागच्या मोठ्या वादळात झाडं आडवी झाली, तेही सांगितलंस. पण तू तिथं काय करायलास? तू आचारी ना?

कोण? मिस युडोरा… तुझी घरमालकीण. तिचीच शेड. मग? …हलतच नाही? पोत्यांवर बसून राहिलीय?

ऐकतोय रे, बोल… रोप लावायचं, सहा-सात वर्षं सांभाळायचं, मग कळायचं की हे नर झाड आहे, फळच धरणार नाही. परत दुसरं लावायचं. समजलं. मागच्या वादळात ती शेड सोडून गेली, परत आली तर काहीच नव्हतं. म्हणून आता जाणार नाही. पण…

थांब एक मिनिट, ऑटोवाल्याला बाजूला घ्यायला सांगतो. अण्णा, स्वल्प साइडिगे निल्सी. नाही नाही, उतरत नाही, फोन आहे. सरी, सरी.

हां, बोल. काय म्हणालास, छप्पर पक्कं केलंस? कसं?

…काय ठेवलेस?

दगड? पत्र्यावर?

केवढे? …अरे देवा.

नाही, बरोबर आहे, आपल्याकडं ठेवतात की. आमच्या गोठ्यावर पण आहेत. पण हा वळवाचा वारा आहे का संताज्या? मागच्या वेळी चर्चची छपरं गेली म्हणालास! पत्रा तर जाईलच, दगड पण उडतील. नाहीतर खाली येतील. आणि खाली कोण आहे? तू!

शेजारी ओरडत होते? मग? …तुला वाटलं शाबासकी द्यायलेत? गाढवा!

नको! वर चढू नको! शिडीला हात लावू नको. काढायची वेळ गेली. बाहेर पड. ती निवाऱ्याची शाळा किती लांब? …वरच्या वळणावर? छत सिमेंटचं ना? मग निघ की!

तिला कसं नेऊ म्हणजे? सांग तिला. दगड मी ठेवलेत म्हण, चूक झाली म्हण, इथं बसलीस तर डोक्यात पडतील म्हण. इंग्रजीत सांग! किचनमध्ये शिव्या देतोस तेवढं येतं ना?

…काय म्हणाली? 'दगड तुझे, तू जा'? अरे काय बाई आहे ही…

कसला आवाज तो?

संताजी? संताजी! बोल!

…दगड आत पडला? कुठं? कुणाला लागलं?

पोत्यावर. तिच्या शेजारच्या. बरं… बरं. श्वास घे.

उठली? आपणहून? मग बघत काय बसलास, हात धर तिचा! पोतं नको. नको म्हणतोय ना, एकसुद्धा नको. …जायफळं खिशात भरायली? भरू दे मूठभर. भरू दे रे. पण चालत चालत.

डोक्यावर काहीतरी घ्या… पातेलं? चालेल. तिला दे ते.

आता वारा मला पण ऐकू यायलाय. इथं रिंग रोडवर सगळे हॉर्न बडवायलेत, तरी ऐकू यायलाय.

नाही, काकूंना, तुझ्या आईला, अजून फोन केला नाही. …शाळेत पोचलाय म्हणून सांगू? नाही सांगणार. कस्तुराकाकूंशी मी आजपर्यंत खोटं बोललेलो नाही, आज तर नाहीच. तू पोच, मग सांगतो.

रडू नको रे. …मी कुठं रडायलोय? सर्दी आहे.

आता बोलू नको, दम लागेल. फोन खिशात टाक, चालूच ठेव. आत गेलास की नुसतं 'पोचलो' म्हण. पळ!

…

संताजी?

खरखर यायलीय नुसती… हॅलो?

हॅलो?

ऐकू येत असलं तर ऐक. नसलं तरी… मी हा फोन ठेवणार नाही. बॅटरी उतरली तर या अण्णाच्या चार्जरला लावीन. लाईन तुटली तर परत लावीन, परत लावीन. तुझा आवाज येईपर्यंत. शब्द दिला तुला.