दहा मिनिटं थांबायचं

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? अहो, आमचं काम काय, तर पोलिसांच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एका न उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून इंटरनेटवर बावीस वर्षांचा बेकार पोरगा व्हायचं! मी! अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे धरून जिना चढणारा विधुर! का? तर अतिरेकी टोळ्यांची माणसं अशाच एकट्या पोरांना हेरतात. तुम्हाला वाटेल, पहिल्याच दिवशी बॉम्बची भाषा करत असतील... छे! पहिल्या दिवशी विचारतात, ‘जेवलास का रे?’ एवढंच! मग महिनाभरानं ‘तुझ्यावर फार अन्याय झालाय’, मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’, आणि मग हळूच, ‘त्यांना धडा शिकवायचा का?’

तुम्हाला सांगतो, त्यातल्या एका ‘दादा’नं मला चार महिने रोज दुपारी एक वाजता विचारलं. जेवलास का? आमचा नियम असा, की उत्तर लगेच द्यायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर समोरच्याला संशय येतो. मी आपला डबा उघडा टाकून घड्याळाकडे बघत बसायचो! अहो, बायको गेल्यापासून मला कुणी विचारलं होतं का हो, जेवलास का म्हणून? खोटं कशाला बोलू, लेकाच्याची वाट बघायचो मी!

मग तो पकडला गेला. भर बाजारात स्फोट घडवायला निघाला होता, सोडून कसं चालेल? साहेब माझी पाठ थोपटत म्हणाले, “काय हुबेहूब एकटेपणा वठवलात हो!” आता यांना काय सांगू... कपाळ!

आणि त्याच आठवड्यात, बरोबर एक वाजता, माझ्या स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबर. ‘जेवलात का?’ बस्स. म्हटलं, त्याच्या साथीदारांनी हुडकलं आपल्याला! नियमाप्रमाणे नंबर वर कळवला. तासाभरात दोन अधिकारी त्या नंबरवाल्याच्या दारात... आणि दार उघडलं माझ्या मुलीनं! दूरच्या शहरात असते, नवा नंबर घेतला होता. सहा महिन्यांनी बापाची आठवण आली बिचारीला, आणि बापानं काय केलं? शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत चौकशी!

फोनवर कडाडली, “बाबा, जेवलात का विचारलं तर घरी पोलीस? परत नाही विचारणार!”

मी तडक मेसेज पाठवला, ‘चुकलं गं बाई.’ तिनं वाचलाय, तशी खूण आलीय. उत्तर नाही. म्हटलं, असू दे, दहा मिनिटं थांबत असेल... आज अकरावा दिवस. आमच्या ऑफिसात खरं तर तिलाच घ्यायला हवं होतं.