मायच्या पाट्यावरची कलमी

मी चांद्याकडच्या सावली गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, पाळीवरचं शेवटचं घर आमचं, मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवरायचं. बाबा जाळं टाके, माय टोपली डोक्शावर घेऊन गावोगाव मासे विके, अन् घरात काय, तर सकाळी पेज, सांजले पेज, मासा उरला तर मासा. पण उपाशीपणाचं मले एवढं दुःख नाई वाटत. दुःखाची गोष्ट दुसरी आहे, तुम्ही लिहून घ्याले आले तर तेच सांगतो.

उन्हाळ्यात बोडी आटली की बाबा नाल्याच्या डोहात साल टाके. जंगलातल्या एका झाडाची साल असते, ती कुटून पाण्यात टाकली की मासे भुलतात अन् वर येतात. ती घरात आणाची नाई, पाट्यावर तर नाईच नाई, हात राखेनं धुवाचे, असा आमच्या लोकायचा नेम. अन् बाबानं एक डाव, एकच डाव, सालीचं गाठोडं चुलीजवळ ठेवलं. माही लहान बहीण यमू, तीन वर्साची. तिनं तोंडात घातली का नाई कोणी पाह्यलं नाई, पण सांज व्हाच्या आत ती गेली. डॉक्टर कुठी होता सांगाले. माय म्हणे, सालीनं नेली. बाबा त्या दिवसापासून बोलाचाच बंद झाला, दोन वर्सानं तोही तापात गेला. राह्यलो माय अन् मी. काय सांगू तुम्हाले, दोनच माणसं राह्यली की लहान घरही लय मोठं वाटते.

मी शिकलो. गावच्या शाळेत, मंग मूल गावाले, मंग चांद्याले, अन् मंग नागपूरले कॉलेजात. आमच्या गावातून कॉलेजात जाणारा मी पहिला, हे मी मुद्दाम सांगून राह्यलो, यात लाजाचं काय. राहाले जागा नव्हती. रेल्वेच्या एका डायवरची विधवा होती, म्हातारी किरिस्ताव बाई, तिच्या मागच्या खोलीत राह्याचं अन् बदल्यात सकाळचा नाष्टा करून द्याचा, असं ठरलं. तिनंच मले गोड टोस शिकवला. पाव शिळाच पाह्यजे, ताज्याचा लगदा होते. अंडं फोडाचं, त्यात दूध, साखर अन् कलमीची पूड. तुम्ही दालचिनी म्हणता, आमच्या इकडे कलमीच म्हणतात. बाई म्हणे, बाबू, डुबाके निकालो, नहलाओ मत. मंग तव्यावर तूप, आंच धीमी, अन् दोन्हीकडून लाल होईपर्यंत हात आवराचा.

ती टेबलावर एकटी खाये, मी चुलीजवळ उभ्यानं एकटा खाओ, मधात दाराचा पडदा. चार वर्स असंच. तिनं कधी बोलावलं नाई, मी कधी गेलो नाई. कॉलेजात मी मले-तुले म्हणलो की पोट्टे हासत, तर मी बोलणंच कमी केलं. दिवसभरात माह्यासंगं बोलणारं माणूस म्हंजे ती पडद्यापलीकडची बाई, अन् ती बोले काय, तर नहलाओ मत.

बी.ए. झालो. आता मायले दाखवाचं काय? कागद तिले वाचता येत नाई. मनात आलं, चार वर्स दुसऱ्याच्या चुलीवर जे केलं ते आपल्या चुलीवर करून तिले खाऊ घालू. पाव अन् कलमी घेतली, छोट्या रेल्वेनं मूल, तिथून बैलबंडीनं गाव. माय दारात उभी होती. म्हणाली, या, बसा. पोटच्या पोराले! मी म्हणलो, काऊन वं माय, मी पावणा आहो का? म्हणाली, शिकलेले माणूस तुम्ही आता. रात्रभर ती तुम्ही-तुम्ही करत राह्यली, अन् मले घरातच परक्यासारखं वाटाले लागलं.

सकाळी ती पाण्याले गेली, तसा मी चुलीले लागलो. शेजारची काशीबाई दारात येऊन म्हणाली, वा रे बापा, कॉलेजात रांधाले शिकवतात वाटते! मी हासलो अन् पाट्यावर कलमी कुटाले लागलो. तेवढ्यात माय आली. घागर कमरेवरच राह्यली. म्हणाली, हे काय आहे? मी शिकलेल्याच्या तोऱ्यात म्हणलो, साल आहे माय, झाडाची, लय दुरून येते.

साल म्हणलो अन् मंग मले समजलं मी काय म्हणलो. चार वर्सात यमू मले एकदाही आठवली नव्हती, खरं सांगतो.

काशीबाई चुपचाप निघून गेली. मी म्हणलो, फेकतो. माय म्हणाली, थांबा. हे तुम्ही तिथी खात होते? हो, रोज. कोणासंगं? एकटाच, माय. तिनं घागर खाली ठेवली, चुलीपाशी बसली अन् म्हणाली, भाजा.

मी भाजले, ताटात दोन ठेवले. एक उचलाले गेलो तर तिनं माहं मनगट धरलं. आधी मी, म्हणाली. अन् एक घास खाल्ला, गिळला, हात मांडीवर ठेवून माह्याकडे पाहत बसली. कायची वाट पाहून राह्यली होती ते तिलेही माहीत, मलेही माहीत. लय समजावलं, ऐकलं नाई. टोस थंडे झाले, ऊन उंबरठ्यावरून चुलीपर्यंत आलं. मंग तिनं ताट माह्याकडे सरकवलं अन् म्हणाली, खाय रे आता, गोड आहे. आम्ही दोघायनं एका ताटात खाल्लं. मंग पाटा तिनं राखेनं तीनदा घासला.

माय मागच्या हिवाळ्यात गेली. मी इथी गडचिरोलीले मास्तर आहो, खोलीत एकटा. चांद्याच्या मोटारीनं पाव आला तर रविवारी दोन टोस भाजतो. पहिला घास घेतला की हात आपोआप थांबते, वाट पाह्यते, मंग पुढचा घास. दुसरा टोस सांजलोक ताटातच राह्यते. आज तुम्ही आले, बरं झालं, घ्या तो. अन् एवढं लिहा का, ढिवराचा पोट्टा बी.ए. झाला, अन् त्याच्या हातचं त्याची माय खाऊन गेली.