ब्रेक कोण दाबतं?

नांदेडच्या एका गॅरेजात मी गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी, तिचा लेक आणि मिस्त्री बोलत होते.

“कंपनीनं जे दिलं न्हाई, ते तू कशाला बसवून राहिलास रं?”

“मावशी, बंपरमागं रडार बसवतो. समोरची गाडी हळू झाली की ही बी आपोआप हळू होते.”

“मग ब्रेक कोण दाबतं?”

“मशीनच दाबतं.”

“अन् आमचा धम्मदीप काय करतो?”

“आई, मी स्टेअरिंग धरतो की. रोज लातूरला जायचं, जरा पायाला आराम.”

“पाय दुखतो म्हणून कधी बोलला न्हाईस. मिस्त्री, लाईट नसलेली उसाची ट्रॉली दिसंल का याला?”

“दिसायला पायजे.”

“पायजे? तुझ्या गाडीला बसवलंस का?”

“माझ्याकडं मोटारसायकल हाय, मावशी.”

“धम्मदीप, खरं सांग. परवा लोह्याजवळ ट्रॉली पार नाकाम्होरं आली, तरी तू ब्रेक दाबला न्हाईस. मी वरडले तवा दाबलास. डोळा लागला होता का रं तुझा?”

“आई, हळू बोल. लोक ऐकून राहिलेत.”