प्रेसच्या जाळीला पदर म्हणणाऱ्यांसाठी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावर बसलेले आमचे जुने फोरमनसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती अक्का, उद्यापासून त्यांच्या जागी फोरमन होणारा माझा धाकटा भाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

अक्कांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. गोड बोल, असं मालकांनी वेगळं बजावलं. प्रयत्न करतो.

आपल्या पत्रा कापायच्या प्रेसपुढे एक जाळी असते. ती लावलेली असली की हात पात्याखाली जात नाही. नव्यांना एवढंच माहीत आहे. जुन्यांना तिचं दुसरं नावही माहीत आहे, पदर. ते कुणी ठेवलं कोण जाणे, पण फोरमनसाहेबांच्या तोंडी ते फार शोभायचं. साहेब, रागावू नका, अक्कांनी बोलावलं आणि तुम्ही आलात, हा तुमचा मोठेपणा. ‘पदराआड बसून काम करतोस का रे? हात मर्दाचा आहे की नवरीचा?’ एवढं ऐकलं की गडी मुकाट्याने पाना घ्यायचा आणि जाळी उतरवायचा. माल भराभर निघायचा.

मीही उतरवली. तेव्हा माझं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि मर्द दिसायची भारी हौस होती. पातं खाली आलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. दुखलं का? लगेच नाही. आधी पत्र्यावर बोटं दिसली, मग ती कुणाची ते कळलं. मी किंचाळलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘बायकांसारखा ओरडू नकोस.’ आता मला सांगा मंडळी, बोटं तुटल्यावर पुरुषासारखं ओरडतात कसं?

अक्का त्यानंतर आल्या. प्रेसवर बसलेली पहिली बाई. त्यांच्या जाळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, बाईला पदर असायचाच. शेजारच्या प्रेसवर हा धाकटा. माझा हात बघून आईने त्याला शपथ घातली होती, म्हणून तोही जाळी लावून बसायचा. एकदा फोरमनसाहेब त्याच्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी का?’ सगळे कामगार हसले. धाकट्याचे कान लाल झाले. त्याने पाना घेऊन एक बोल्ट सैल केला आणि दुसऱ्याला हात घातला.

अक्का उठल्या. त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि साहेबांच्या तोंडावर हाणला. साहेब पडले, तेव्हा आणखी एक हाणला. रक्तात भरलेला दात घरंगळत माझ्या पायाशी आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझी नसलेली बोटंसुद्धा शिवशिवली.

चौकशीत मालक म्हणाले, ‘ते तुम्हाला काही वावगं बोलले असतील तर सांगा, मी सांभाळून घेतो.’ अक्का म्हणाल्या, ‘मला नाही बोलले. माझं बाईपण शिवीसारखं वापरून ते त्याच्या हाताचा बळी घेत होते. उद्या घेतील तर उद्याही मारीन.’ त्यांना बिनपगारी घरी बसवलं. युनियनने भांडून परत आणलं. पुढे त्याच फोरमन झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली कुणाचं एक बोट तुटलं नाही. साहेबांचा जबडा मात्र वाकडा राहिला, त्याबद्दल मी सर्वांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. मनातून नाही.

इथवर गोड झालं. आज सकाळी मी हार आणायला निघालो, तेव्हा धाकटा एका नव्या कामगाराच्या मागे उभा होता. मला वाटलं, काम शिकवतोय. तो जाळीकडे बोट दाखवून म्हणत होता, ‘पदर काढ आता. अक्का चालल्या.’ तो कामगार हसला आणि पाना शोधायला लागला.

धाकट्या, मान खाली घालू नकोस, इकडे बघ. मघाशी अक्कांसाठी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतास. ते दोन्ही हात तुझ्या अंगावर कुणामुळे राहिले?

अक्का, आज तुम्हाला हे ऐकवायचं नव्हतं. पण हार घालून खोटं बोलायला जीभ वळेना. आम्ही तुमचे ऋणी आहोत, आणि मला तुमच्या जाण्याची भीती वाटते.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. ओघात कुणाला लागेल असं काही निसटलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. धाकट्याने मात्र घालू नये. त्याला लागावं म्हणूनच बोललो, आणि उद्या जाळी उतरलेली दिसली तर नुसता बोलणार नाही.