कुलूपवाल्याचा सहावा भाग

नाही, बसू नका. ते स्टूल गिऱ्हाइकासाठी आहे, आणि तुम्ही गिऱ्हाईक नाही — किल्ली करायची म्हणत आलात, किल्ली अजून खिशातून काढलीच नाही. वर पहिलाच प्रश्न काय, तर 'तुमच्या पॉडकास्टमधल्या त्या मांजरवाल्या बाई कुठे राहतात?' 'भाऊ आहे मी तिचा,' म्हणे. असाल, असाल. दारातून आत येईपर्यंत मलाही तीनदा 'दादा' म्हणालात. माझं वय काढा, माझा धंदा काढा, पण दादा म्हणू नका.

सगळे भाग ऐकलेत? म्हणजे पहिल्या भागात मी किती अडखळलोय तेही ऐकलं असेल. पुतणीचं डोकं ते. म्हणाली, काका, जाहिरात वाचून कोण येतंय आता, तुम्ही नाहीतरी दिवसभर बडबडता, तीच बडबड फोनमध्ये करा, दुकानाचं नाव होईल. स्टुडिओ नाही, काही नाही — मागच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या केल्या, आवाज घुमू नये म्हणून, फोन ठेवला उशीवर, आणि आठ मिनिटं बोललो. गंजलेलं कुलूप कसं सोडवायचं, भाड्याच्या घरात शिरल्यावर आधी काय बदलायचं, असलं. पाच भाग केले. ऐकणारे चाळीस, त्यातल्या निम्म्या पुतणीच्या मैत्रिणी. पण गिऱ्हाइकं यायला लागली हो! 'तुमचा आवाज ऐकलाय' म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं कुणी म्हणालं की चढते. मला चढली.

मग सहावा भाग. तेलं आणि कानशी सांगून सांगून माझाच मला कंटाळा आलेला — म्हटलं, आज गोष्ट सांगू. एक बाई आली, हातात टोपली, टोपलीत पांढरी मांजर, एक डोळा निळा, एक पिवळा. म्हणाली, एकाच दाराला तीन कुलुपं बसवा. बेकरीच्या वरचा मजला, बसवताना सबंध वेळ खालून पावाचा वास. शेवटचं कुलूप लागलं तशी ती बाई जमिनीवर बसली आणि म्हणाली, आज झोपेन. सांगताना मीच नाक ओढलं, तेही तसंच राहू दिलं — पुतणी म्हणाली, काका, हेच तर पाहिजे. नाव नाही घेतलं मी! नाव घेतलं नाही म्हणजे त्या बाईचं गुपित राखलं, असं वाटलं मला. आणि शेवटी काय, तर दर भागासारखा दुकानाचा पत्ता. अकराशे लोकांनी ऐकला. त्यात तुम्ही.

काढून टाकला तो भाग, तीन दिवस झाले. कुणी सांगितलं म्हणून? तिनं. फोन आला तिचा. शिवी नाही, ओरडणं नाही — 'तुम्ही माझी मांजर का सांगितलीत?' एवढंच. पळत गेलो मी. दार उघडलं नाही तिनं. आतूनच बोलली — एक माणूस येईल तुमच्याकडे. फार गोड बोलेल. कुणाचा तरी भाऊ होऊन येईल. बोलताना बोटं मोडेल. — बघा, आत्तासुद्धा मोडताय. हात खिशात घातलात म्हणून ऐकू यायचं राहत नाही.

हातोडीकडे काय बघता? मी नाही मारत कुणाला. मीसुद्धा कधी — आता हसताय कशाला? मी ताटं फेकायचो, माणसावर नाही, भिंतीवर. फरक आहे त्यात, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतोय. घरी गेलो एका संध्याकाळी, तर दाराचं कुलूप बदललेलं. कुलूपवाल्याच्या बायकोनं कुलूप बदललं! हसू आलं मला. खरं सांगतो, हसू आलं — माझ्यापासून कुलूप? दोन मिनिटं लागली नाहीत. त्यातही हात किती सफाईनं चालला याचं कौतुक वाटत होतं मला. आत गेलो, तर ती कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, मुलीला पोटाशी धरून, आणि पोरीच्या तोंडावर हात दाबलेला. आवाज येऊ नये म्हणून. सहा वर्षांची होती. त्या बोटांच्या वर दोन डोळे फक्त. हत्यारं तिथंच टाकली आणि निघालो, तो या मागच्या खोलीत राहतोय. पुन्हा त्या दाराशी गेलो नाही — ही एकच गोष्ट धड केली मी आयुष्यात. हे कुठल्याही भागात नाही. पुतणीला वाटतं मी धंद्यासाठी बोलतो. धंद्याला काय, चाळीस वर्षं चाललाय. मुलगी आता सतरा वर्षांची आहे, तिच्या कानात ती गाणी ऐकायची यंत्रं असतीलच ना, या वयात सगळ्यांच्या असतात — चुकून कधी ऐकलंच तर बाप नुसता बोलतोय, ओरडत नाहीये, एवढं तरी —

जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे? तुम्हाला बघून सांगतोय. तुम्ही आत आलात तेव्हा तसंच हसलात, मी कुलूप उघडताना हसलो तसं. बायको पळाली याचं दुःख नाही तुम्हाला, सापडली याची मजा वाटतेय.

आणि सापडलीय कुठे? जा ना, बेकरीवर जा, वरचा मजला बघून या. रिकामा आहे. दाराला तीन भोकं तेवढी राहिलीत. दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं, कारण इलाज नव्हता — ती तिन्ही कुलुपं मीच काढली, याच हातांनी, एक पैसा न घेता, आणि मीच नेऊन पुन्हा बसवली, तिच्या त्या —

…

का थांबलो, म्हणजे? थांबलो.

नाही. पुढं काही नाही. विचारा, हवं तेवढं विचारा. दादा म्हणा, काका म्हणा, पाया पडा, दुकान फोडा. उभं राहायचं तर उभे राहा संध्याकाळपर्यंत. जन्मभर पुरेल एवढं बोलून झालंय माझं.

दार तिकडे आहे.